वहिनींनी थापलेले आसन

विघ्नहर्त्या गजाननास आणि आमच्या कुलस्वामिनीस वंदन करून, माझ्या थोरल्या वहिनी कै. सरस्वतीबाई यांचे स्मरण करण्यास बसलो आहे. त्यांचे पहिले मासिक श्राद्ध नुकतेच झाले. मन शांत आहे, आणि ते शांत का आहे हेच येथे सांगावयाचे आहे.

मी घाटकोपरला राहतो. नाना, म्हणजे माझे वडीलबंधू, आणि वहिनी मुलुंडला राहत. त्या दुपारी नानांचे शेजारी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "काका, मावशी जेवून आडव्या झाल्या त्या झोपेतच गेल्या. नाना एक अक्षर बोलत नाहीत. तुम्ही चला." पायांत वहाणा सरकवताना मला जी धास्ती वाटली ती वहिनींसाठी नव्हती. त्यांना सुखाचे मरण आले होते. धास्ती होती नानांची. हा माणूस पूर्वी एकदा देवापुढून उठला होता, आणि वहिनींनी त्याला हाताला धरून परत बसविले होते. आता तो पुन्हा उठला, तर त्याला बसविणार कोण?

ती हकिगत अशी. काही वर्षांपूर्वी नाना विहिरीपाशी घसरून पडले आणि त्यांचे गुडघे कायमचे अधू झाले. शहाबादी फरशीवरचे दर्भासन त्यांना सोसेना, पाट रुतू लागला. डॉक्टरांनी खुर्चीवर बसण्यास सांगितले. नाना म्हणाले, "खुर्चीत बसून देवाशी बोलू? तो काय कचेरीतला साहेब आहे?" आणि मुंजीपासून न चुकलेली संध्या त्यांनी सोडली. पंचपात्री घासूनपुसून कोनाड्यात गेली. नाना पहाटे उठत आणि भिंतीकडे पाहत बसून राहत. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, यांचे गुडघे दुखतात ते मला दिसतं हो. पण संध्या सुटल्यापासून हे घरात असून नसल्यासारखे आहेत. त्याला कुठलं औषध?"

मी बाजारातून एक जाड बुरणूस आणला. बुरणूस विणलेला नसतो. ओली लोकर थापून, मळून एकजीव केलेली असते. नानांनी तो वासावरून ओळखला. "हा साबण लावून मळलाय. साबणात चरबी असते. उचल."

वहिनींनी घडी उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, "मग मी बिनसाबणाचा करते."

त्यांचे माहेर साताऱ्याकडचे. तेथे बुरणूस थापताना त्यांनी लहानपणी पाहिले होते. पावसाळा सरला की मुलुंडच्या डोंगराखाली, रिकाम्या शेतांतून धनगर मेंढरे बसवीत. त्यांच्याकडून वहिनींनी काळी-पांढरी लोकर आणली. साबणाऐवजी रिठ्याचा फेस. लोकर सोवळ्यात चालते हे त्यांना ठाऊक होतेच, तरी मला विचारले, "तुमचं शास्त्र काय म्हणतं, लोकर कधी ओवळी होते का?"

"होत नाही. वाऱ्यानेच ती शुद्ध होते."

"म्हणजे माझ्यापेक्षा मेंढी बरी." आणि नाना ऐकत आहेत ना, हे पाहून हसल्या.

मग रंगांचा खेळ सुरू झाला. खेळच म्हणतो, कारण इतके आनंदी मी त्यांना क्वचितच पाहिले असेल. काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठ आली. ती मंद आचेवर ठेवायची, उकळू द्यायची नाही, नाहीतर तांबडा रंग विटकरी होतो. हे त्यांना एक हंडा बिघडल्यावर कळले. तुरटीच्या पाण्यात भिजवलेली लोकर डाळिंबाच्या सालींत पिवळी होई, पण तीच लोखंडी कढईत टाकली तर काळपट हिरवी निघे. "कढईनं माझी हळद शेवाळ केली," असे म्हणून त्यांनी तो हिरवाही काठासाठी राखून ठेवला. अंगणभर ओल्या मेंढीचा वास. शेजारणीने कुंपणावरून विचारले, "काय गं, कळप पाळलास का घरात?" "एकच आहे," वहिनी म्हणाल्या, "पण हट्टी आहे."

लोकर मात्र सांधेना. वहिनी पहाटे सोवळे नेसून स्वतः विहिरीचे पाणी शेंदीत, त्यात रिठ्याचा फेस करून चटईवर लोकरीचे थर थापीत, तासन्तास मळीत. वाळल्यावर सारे पुंजके सुटे. पुन्हा तेच… पुन्हा तेच. बोटांना भेगा पडल्या. नाना एकदा पुटपुटले, "सोड आता." वहिनींनी चटईवर पुन्हा लोकर पसरली.

वाट सापडली ती माझ्या धाबळीमुळे, म्हणजे सोवळ्यात नेसावयाच्या लोकरी वस्त्रामुळे. त्यांच्या देवघरात पूजा करताना माझ्या धाबळीवर समईचे तेल सांडले. घाईत वहिनींनी ती बंबातल्या कढत पाण्यात बुडवून खसाखसा चोळली. वाळल्यावर पाहतो तो धाबळी बाहुलीला नेसवावी एवढी झालेली आणि कांबळ्यासारखी घट्ट. मी काही बोलण्यापूर्वीच वहिनी ती उन्हाकडे धरून ताणून पाहू लागल्या. एक तंतू सुटेना.

"भाऊजी, लोकरीला ऊन पाणी हवं! मी वेडी गारच घालत बसले."

चूक आमच्यासारख्यांच्या घरातच व्हावी अशी होती. बंबाला सगळ्यांचे हात लागतात, म्हणून ते पाणी ओवळे. सोवळ्याचे पाणी विहिरीचे, म्हणून गार. माहेरी त्यांनी हात पाहिले होते, वाफ लक्षात राहिली नव्हती. त्याच दिवशी त्यांनी अंगणात वेगळी चूल मांडली आणि सोवळ्यातच पाणी तापविले.

चटईची वळकटी करून ती लाटण्यास दोन माणसे लागतात. मीही सोवळे नेसून समोर बसलो. "स्तोत्र म्हणा भाऊजी, हात तालात चालतील." मी म्हणू लागलो, वळकटी पुढेमागे फिरू लागली. आरामखुर्चीतून नाना म्हणाले, "घाई नको. चरण तुटतोय." थोड्या वेळाने तेच पुढचा श्लोक म्हणू लागले. वहिनींनी मान वर केली नाही. हात तेवढे चालू ठेवले.

आसन तांबडे झाले, काठ शेवाळी, बोटभर जाड. गुडघ्याखाली थोडी अधिक लोकर घातलेली. नाना त्यावर बसले, थोडे हलले, आणि म्हणाले, "पळी कुठे आहे?" त्या दिवसापासून वहिनी जाईपर्यंत संध्या चुकली नाही.

म्हणूनच सुतकाचे दिवस मला जड गेले. घरात सारे यथासांग चालले होते, पण नाना भिंतीकडे पाहत होते. मी विचारण्याचे धाडस केले नाही. सुतक फिटले, मी घाटकोपरला परतलो आणि दोनच दिवसांनी, राहवेना म्हणून, सायंकाळी मुलुंडला गेलो. देवघर रिकामे होते. आसन जागेवर नव्हते. मी तसाच मागच्या दाराकडे वळलो.

नाना मागच्या अंगणात होते. ज्यांनी जन्मात स्वतःचे अंथरूण उचलले नाही, ते काठीवर भार देऊन, दांडीवर घातलेले आसन उलटसुलट करून पाहत होते.

"लोकरीला कसर लागते," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "दोन्ही अंगांना ऊन लागावं लागतं. ती करायची… मी खुर्चीतून पाहत असे. आत ने, वेळ झाली."

मी ते आत नेले, अंथरले. लोकरीत दिवसभराचे ऊन साठले होते. नाना भिंतीला धरून हळूहळू बसले आणि आचमनाला हात पुढे केला. मी पळीभर पाणी घातले.

वाचकहो, आपल्या घरी कोणाचे उठणे-बसणे कोणाच्या हातांनी सुकर होत असेल, त्या हातांना दीर्घ आरोग्य लाभो; आणि आपल्या कुटुंबात सायंकाळच्या दिव्यापाशी कोणाची जागा कधी रिकामी न राहो, ही श्रीचरणी प्रार्थना.