व्याह्यांनी परत पाठवलेला हत्ती

आमचे व्याही, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, अल्लीपूरला शेती करतात आणि मी वर्ध्याला कापडाचं दुकान चालवतो. आम्ही दोघं पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळतो. हो, आजच्या काळात! एका कार्डावर एकच चाल. एसटी जेवायच्या आत अल्लीपूरला पोचते, कार्ड मात्र आठवडाभर रस्त्यात काय करतं ते त्यालाच ठाऊक. जावयानं एकदा सुचवलं, "फोनवर खेळा ना." व्याही म्हणाले, "फोनवर आपण नाई खेळत बाबू, फोनच खेळते."

खरी मजा वाट पाहण्यात आहे. गिऱ्हाईक साडीच्या भावावर घासाघीस करत असतं आणि माझं डोकं घोड्याच्या मागे. पट गल्ल्याशेजारीच मांडलेला असतो. एक प्यादं हरवलंय, त्याच्या जागी कोटाचं बटण. त्रासही कमी नाही. दिवाळीच्या साफसफाईत बायको सगळी फौज पुसून ओळीनं पहिल्या जागी मांडून ठेवते, मग मी जुनी कार्डं काढून डाव पुन्हा लावत बसतो. शिवाय पोस्टमन. कार्ड उघडं, तो वाचणारच. "काका, उंट आला तुमच्याकडे!" असं रस्त्यावरूनच ओरडतो.

नियम व्याह्यांचा: पेटीत पडलेली चाल परत घ्यायची नाही. एकदा त्यांनी स्वतःच घर चुकीचं लिहून वजीर घालवला, पण चकार शब्द काढला नाही. मला फार आवडलं ते.

तरी त्यांच्या घरी मी खुर्चीच्या कडेवरच बसायचो. मुलीचा बाप ना! त्यांना साखरेचा त्रास, म्हणून घरात सगळ्यांचाच चहा फिका. मी "फस्ट क्लास" म्हणून पिऊन टाकायचो आणि लेक हसू दाबायची. ते कधी वावगं बोलले नाहीत, पण लग्नात वाकलेली मान काही सरळ होत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मला डाव दिसला. वजिरानं शह, पुढच्या चालीला हत्तीनं मात. त्यांच्यावर पहिल्यांदाच! मी भर दुकानात टाळी वाजवून ओरडलो. बायको आतून आली. "काऊन ओरडून राह्यले?" सांगितलं तर तिचा चेहराच उतरला.

"व्याह्याले हरवता? पोरगी त्यांच्या घरी हाये, समजते का काही? उद्या तिले कोणी टोमणा मारला तं?"

हट्, असे नाहीत ते, मी म्हणालो. पण शंका शिरली ती शिरलीच. शेवटी मन मारून माझा हत्ती त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला आणि कार्ड पेटीत टाकलं. स्वतःचीच इतकी चीड आली की दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो.

उत्तर आलं तेव्हा पोस्टमन ओरडला नाही. गुपचूप हातात देऊन तिथंच उभा राहिला. व्याह्यांनी लिहिलं होतं:

"व्याहीबुवा, मात मलेबी दिसली होती. हारायची तयारी करून बसलो होतो मी. तुमची पोरगी आमच्या घरी आली, तेवढ्यात आम्ही भरून पावलो. वरून हत्ती नाई घेत. चाल परत घ्या आन् नीट खेळा."

ज्या माणसानं स्वतःचा वजीर परत मागितला नाही, त्यानं माझ्यासाठी आपला नियम मोडला होता. मला रडूच आलं. पोस्टमन म्हणाला, "काका, आता मारा ना!"

मारलं. मात झाली. लेकीचा फोन आला, "बाबा, मामंजी सकाळपासून गावभर सांगत फिरून राह्यले, माह्या व्याह्यानं मले हरवलं म्हणून!"

पुढच्या रविवारी अल्लीपूरला गेलो. व्याह्यांनी नवा डाव मांडला. चहा आला. मी खुर्चीत मागे टेकून बसलो, एक घोट घेतला आणि म्हणालो, "साखर नाही यात."

व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. मग आत तोंड करून ओरडले, "सूनबाई, साखरेचा डबा आणजो वं! तुह्या बापाले आवाज फुटला!"