चपलेचं रबर ठोकलेली खुर्ची

नेपानगरच्या कागद कारखान्यात मशिनं बसवायला आलेला एक युरोपियन इंजिनियर परत जाताना घरातलं सामान विकून गेला. त्यातल्या दोन खुर्च्या माझ्या वडिलांनी घेतल्या. फिटरला विलायती खुर्च्या कशाला, म्हणून लोक हसले. बुटक्या, मागे कललेल्या, हात रुंद, पाय खाली निमुळते. निवृत्तीनंतर आम्ही बुऱ्हाणपूरला आलो, तेव्हा खुर्च्याही आल्या. रोज संध्याकाळी आईवडील त्यांच्यावर शेजारीशेजारी बसून चहा प्यायचे. बोलायचे फार कमी.

गेल्या वर्षी वडील गेले. तेराव्याला शय्यादानात गादी, छत्री, चपलांबरोबर आईने त्यांची खुर्चीही गुरुजींना दिली. तिकडे त्यांना पाठ टेकायला हवी, म्हणाली. मी आडवा आलो नाही. पण नंतर तिच्या शेजारची रिकामी जागा मलाच बघवेना. चहा पिताना ती सवयीने हात बाजूला ठेवायला जायची आणि तो नुसताच लोंबकळायचा.

मी जोड शोधायची ठरवली. मोबाइलवर कळलं की या खुर्च्यांना मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणतात आणि मुंबई-दिल्लीकडचे लोक त्यांच्यावर जीव टाकतात. किमती बघून फोन पालथा ठेवला. मग बुऱ्हाणपुरातल्याच शनवारा भागात जुन्या फर्निचरच्या एका दुकानात, कूलरच्या सांगाड्यांमागे, तशीच खुर्ची दिसली.

"फॉरेनचा माल आहे भाऊ. अशी लकडी आता भेटत नाही," दुकानदार म्हणाला.

मी ती उलटी केली. मागच्या एका पायाला निळ्या चपलेच्या रबराची चकती ठोकलेली होती. खुर्ची डुगडुगू नये म्हणून वडिलांनीच ठोकलेली. जोड शोधायला गेलो आणि खुद्द त्यांचीच खुर्ची हाती लागली. मला इतका आनंद झाला की घासाघीसही केली नाही. रिक्षात खुर्ची ऐसपैस बसली आणि मी कडेला अंग चोरून.

आईने रबर पाहिलं, मग माझ्याकडे.

"दान दिलेली चीज वापस काहून आणली तू?"

"विकत घेतली, आई. शनवाऱ्यातून."

"तिकडे बसेल होते ना ते हिच्यावर," ती म्हणाली. "उठवून दिलं तू त्यांना."

करायला गेलो गणपती, झाला मारुती. मी गुरुजींकडे धावलो. ते बिचारे म्हणाले, एवढ्या गाद्या-खुर्च्या घरात कुठे ठेवू, विकाव्याच लागतात. पुन्हा दान करा, घेतो. आई ऐकेना.

"एकदा उठवलेल्या माणसाला पुन्हा बस म्हणायचं? ते नाही बसायचे. त्यांचा स्वभाव मालूम नाही का तुला?"

स्वभाव मला ठाऊक होता. लग्नाच्या पंगतीत कुणी चुकून उठवलं, तर ते उपाशी घरी यायचे.

दोन्ही खुर्च्या आता पुन्हा शेजारीशेजारी आहेत. मी त्या रोज पुसतो, का ते सांगता येणार नाही. आई स्वतःच्या खुर्चीवरही बसत नाही. गुडघे दुखतात तरी खाली सतरंजीवर बसते, चहाही तिथेच. परवा मी हात जोडले, म्हटलं, निदान तुझ्या खुर्चीवर तरी बस.

"ते उभे आहेत तिकडे," ती म्हणाली. "मी कशी बसू?"