तिने सरळ केलेली भिंत

माझ्या बायकोने पन्नाशीत कॅमेरा घेतला तेव्हा मला पहिला धक्का बसला. पुढे जे बसले त्यांच्यापुढे तो म्हणजे काहीच नाही, पण सुरुवात तिथून आहे म्हणून तिथूनच सांगतो.

मी गवंडी. बत्तीस वर्षं भिंती बांधल्या. ही रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालते. दिवसाला तीनेकशे चादरी, काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. घरी माझा रुमाल जरी वाकडा दुमडलेला दिसला तरी उलगडून परत घडी घालणार. बोलणं बेताचं. अशी बाई एका संध्याकाळी कामावरून आली ती गळ्यात कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा अडकवून, आणि चपला काढता काढता म्हणाली की शनिवारपासून मी शिकायला जाणार आहे. मी हातातला चहा तसाच धरून बसलो. बत्तीस वर्षांच्या संसारात हिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना, आणि हे तर तिने मागितलंही नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

क्लास वाचनालयाच्या वरच्या खोलीत. शिकवणारा मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचा पासपोर्टचे फोटो काढणारा. शिकणारे सहाजण, त्यात ही सगळ्यांत वयस्कर. जेवताना ती आम्हाला त्या दिवशीचा धडा सांगायची. बटण दाबायच्या आधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची. माणसाचा हात मनगटात कापायचा नाही. माणूस मधोमध बसवायचा नाही, जरा बाजूला घ्यायचा. मी विचारलं, मग मधली जागा काय पाहुण्यांसाठी ठेवायची? लेक हसली. ही हसली नाही, वहीत लिहीत राहिली.

तीन महिन्यांनी मास्तरने मोठा अभ्यास दिला. एक जागा, एक माणूस, एक वेळ धरायची आणि वर्षभर दर रविवारी तोच फोटो काढायचा. उजेड कसा बदलतो ते त्याशिवाय कळत नाही म्हणे. हिने माणूस निवडला आमची लेक बबी, आणि जागा मागचं अंगण.

बबी घरीच शिवणकाम करते, शाळांचे गणवेश आणि बायकांचे कपडे. रोज सकाळी दहा ते एक तिचं मशीन अंगणात, मागच्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी, कारण तिथे ऊन लागत नाही आणि उजेड भरपूर. शेजारी एका ठेंगण्या टेबलावर तिची काचेची पेटी, त्यात दोन मासे. डोळे शिणले की ती त्यांच्याकडे बघत बसते.

आता भिंतीबद्दल. आमचं घर उतारावर आहे. वरची गल्ली आमच्या अंगणापेक्षा दीड-दोन पुरुष उंच, आणि त्या गल्लीखालची सगळी माती ती भिंत अडवून धरते. अकरा फूट उंच, दगडी, नऊ वर्षांपूर्वी मी स्वतः बांधलेली. बांधताना कामातला जोडीदार म्हणाला होता की मातीतलं पाणी बाहेर पडायला मध्ये मध्ये भोकं ठेव, नाहीतर साचलेलं पाणी भिंत ढकलतं. मला माहीत नव्हतं असं नाही, दुसऱ्यांच्या भिंतींना मी ती इमानदारीने ठेवत आलो. पण ही माझ्या घरची भिंत. भोकांतून पाणी गळतं, दगडांवर हिरवे ओघळ येतात, तोंड विद्रूप होतं. मी म्हणालो, माझ्या भिंतीला देवी आल्यासारखं तोंड नको. आणि खरंच भिंत अशी साफ झाली की लोक बघायला यायचे. मीही दाखवायचो.

मास्तरने सांगितलं होतं की चौकटीत जे काही खरोखर उभं असेल ते आधी सरळ धरा, बाकी सगळं त्यामागून येतं. हिने शोधायची गरजच नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात स्टँड लावलं की डाव्या हाताला भिंतीची उभी कड दिसायची, तिच्या पायथ्याशी बबी, आणि उजवीकडे माशांची पेटी. तिने मास्तरला सांगितलं म्हणे, आमच्या ह्यांची भिंत आहे, तिच्याहून सरळ गावात काही नाही. हे मला बबीने सांगितलं तेव्हा मी दोन दिवस छाती काढून हिंडत होतो.

चारेक महिने गेले असतील. एका रविवारी ही कॅमेरा हातात घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, अहो, भिंतीची कड फोटोत जराशी तिरकी येते. स्टँडवरच्या पातळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणते मी, तरी येते. एकदा बघता का?

मी दाढी करत होतो. वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं! माझ्या ओळंब्यापुढे तुझ्या त्या खेळण्यातल्या बुडबुड्याची काय कथा. वापरलेलं स्टँड, त्यात तुझा हात वाकडा. आधी हात सरळ कर. बबी आतून म्हणाली, बाबा, बघा तरी. मी म्हणालो, बघायचंय काय त्यात, मी बांधलीय ती.

त्यानंतर हिने तो विषय काढला नाही. माझ्या लक्षातही राहिला नाही. लोकांच्या भिंतींना रोज ओळंबा लावणारा मी, स्वतःच्या भिंतीला नऊ वर्षांत एकदाही लावला नव्हता. आणि रोज बघितलेली गोष्ट केसाकेसाने बदलली तर डोळ्याला कळत नाही, हेही खरं.

वर्ष संपलं आणि मास्तरने वाचनालयातच प्रदर्शन भरवलं. रविवारी सकाळी. प्रत्येकाचे बारा फोटो, महिन्याला एक. बबीला गणवेशांची मोठी ऑर्डर संपवायची होती, ती म्हणाली तुम्ही व्हा पुढे, मी दुपारी येते. मी धुवट शर्ट घालून, जरा कुरकुरतच गेलो.

आणि खोटं का बोलू, फोटो बघून माझी कुरकूर थांबली. बारा फोटो एका ओळीत. माझीच लेक, माझंच अंगण, पण कधी बघितलंच नव्हतं असं. एकात तिच्या दातात सुई, एकात मान खाली आणि केसांवर उजेडाची रेघ. ही शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. लोक येत होते, मान डोलवत होते. एकजण म्हणाला, भिंत काय सरळ आहे हो. मी म्हटलं, मी बांधली. बाराच्या बारा फोटोंत भिंतीची कड चौकटीच्या कडेला चिकटवल्यासारखी सरळ. मला गुदगुल्या झाल्या.

मग माझी नजर माशांवर गेली.

पहिल्या फोटोत पेटीतलं पाणी आडवं होतं. पाचव्यात जरासं एका बाजूला चढलेलं वाटलं. मी चष्मा पुसला. आठव्यात ते स्पष्ट तिरकं होतं, आणि बाराव्यात एका टोकाला पाणी वर आणि दुसऱ्या टोकाला बोटभर खाली. मला आधी वाटलं टेबल खचलं असेल. पण टेबल खचलं तर पेटी तिरकी होईल. पाणी कसं होईल? आम्ही गवंडी लोक लांबच्या दोन भिंती एका पातळीत आणायला नळीत पाणी भरून धरतो. जगात सगळं खोटं बोलेल, पाणी बोलत नाही. पाणी तिरकं दिसतंय म्हणजे फोटो तिरका आहे. फोटो तिरका आणि त्यात माझी भिंत सरळ, म्हणजे खरी भिंत वाकलेली.

मी हिला विचारलं, फोटो वळवलेस का तू? ती जरा ओशाळली. म्हणाली, हो, कंप्युटरवर सरळ करते ना मी, मास्तरांनी शिकवलंय. भिंतीच्या कडेला रेघ लावायची आणि फिरवायचं. अलीकडे जास्तच फिरवावं लागतं.

बबी त्या भिंतीखाली बसलेली होती. त्या क्षणी बसलेली होती.

मी फोन लावला. वाजत राहिला. मशीनच्या आवाजात तिला फोन ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं तरी परत परत लावत राहिलो. मग धावलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भर रस्त्यात धावतोय, लोक वळून बघतायत, मागून ही चपला हातात घेऊन येतेय, काय झालं ते तिला मी सांगितलंही नव्हतं.

अंगणात मशीन चालू होतं. बबीने मान वर केली, म्हणाली, बाबा, एवढ्यात आलात? मी तिला दंडाला धरून ओढलं. खुर्ची पडली. तिचे गणवेश राहिले, मासे राहिले, ती ओरडत राहिली आणि मी तिला स्वयंपाकघरातून पार पुढच्या रस्त्यापर्यंत नेलं. मग परत आलो. लांब काठीला ओळंबा बांधला आणि लांबूनच भिंतीच्या माथ्यावरून सोडला. दोरी खाली आली. लोखंडी गोळा हलायचा थांबला तेव्हा तो भिंतीच्या पायापासून सहा बोटं लांब होता. मी बांधलेल्या भिंतीला सहा बोटं. दुसऱ्या गवंड्याची असती तर त्याला मी पुन्हा थापीला हात लावू दिला नसता.

वरच्या गल्लीत गाड्या बंद करायला लावल्या. मासे मी काढून आणले, बबीने अंगणात जायचं नाव काढलं की तिच्यावर खेकसत होतो. जोडीदाराला निरोप पाठवला, बुधवारपासून वरून एकेक दगड उतरवायचं ठरलं. मंगळवारी सकाळी दहा वाजून गेल्यावर आम्ही तिघं पुढच्या खोलीत बसलो होतो. आवाज मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा एक धप्प, आणि मग मातीचा लोट दारातून आत. धूळ बसल्यावर बघितलं तर अंगण नव्हतंच. दगड, चिखल, वरच्या गल्लीतली फुटकी पाण्याची नळी, आणि मधोमध मशीनचं एक चाक तेवढं वर. बबी दाराला धरून उभी होती. हिने कॅमेरा उचलला नाही. बबीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

माझा राग मला आवरेना, आणि कुणावर काढावा तेही कळेना. म्हणून तिच्यावरच काढला. म्हणालो, वर्षभर तुला दिसत होतं, महिन्या-महिन्याला जास्त फिरवत होतीस, मग बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "बोलले होते. तुम्ही दाढी करत होता."

मग तीच म्हणाली, "तुमची भिंत चुकेल असं माझ्या मनातच आलं नाही हो. मला वाटलं, तुम्ही म्हणता तसं, माझाच हात वाकडा."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता नवी भिंत होते आहे. जोडीदार बांधतो, मी दगड देतो. दर हातभर अंतरावर भोक आहे. बबी सध्या पुढच्या खोलीत शिवते, उजेड कमी पडतो म्हणून कुरकुरते, आणि मला ती कुरकूर ऐकून बरं वाटतं.

परवा मी हिला म्हणालो, ते फोटो फिरवायच्या आधीचे आहेत का? ती म्हणाली, आहेत, मास्तर म्हणतात मूळ फोटो कधी टाकायचा नाही. तिने कंप्युटर लावून दिला आणि भाजी निवडायला गेली. मी एकटा बसून बावन्नच्या बावन्न बघितले. माझी भिंत दर रविवारी थोडी थोडी लेकीच्या डोक्यावर वाकत गेलेली. आणि माशांच्या पेटीतलं पाणी पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत आडवं. मी पडद्याला पट्टी लावून तपासलं. एकातही केसाचा फरक नाही. वर्षभरात तिचा हात एकदाही वाकडा झाला नव्हता.