वन्संची रुजवात

लग्न होऊन मी ठाण्याच्या घरात आले, त्यानंतर थोड्याच दिवसांत वन्संनी मला सासूबाईंची अनारशांची कृती उतरवून घ्यायला सांगितली. माझं अक्षर चांगलं होतं. कौतुक होईल अशा अपेक्षेने मी कागद पुढे केला, तर त्यांनी तो घेतलाच नाही. मूळ कागद स्वतःकडे ओढला, पेन्सिल उलटी धरली आणि म्हणाल्या, "आता वाच. मोठ्याने. आठवणीतून वाचू नकोस, समोर लिहिलंयस ते वाच." मी वाचत गेले आणि त्यांच्या पेन्सिलीचं बोथट टोक मूळ ओळींवरून सरकत गेलं. एका जागी ते थांबलं. "'सावलीत' कुठे गेलं?" तांदूळ सावलीत वाळवायचे होते. मी नुसतंच 'वाळवायचे' असं लिहिलं होतं.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, नलिनी. तुम्हा मुलांना त्यांना भेटण्याचा योग आला नाही, म्हणून हे लिहिते आहे. त्यांनी लग्न केलं नाही. त्या ठाण्याच्या कोर्टात नकला विभागात होत्या. कोणाला निकालाची किंवा जुन्या दस्तऐवजाची नक्कल हवी असली की ती तिथे तयार होई. पण तिच्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का बसण्याआधी एकाने ती मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ कागदावर नजर ठेवायची, असा नियम होता. याला रुजवात म्हणतात. वन्संनी उभी नोकरी रुजवात घेण्यात घालवली आणि मग ती घरीही आणली. "रुजवात होईपर्यंत नक्कल म्हणजे अफवा," असं त्या म्हणायच्या.

त्यांना कशाचाही संशय येत असे. लग्नाची पत्रिका आली की आधी पंचांग काढून तारीख आणि वार जुळतात का ते बघायच्या. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तर घरी येऊन जुडी उलगडायच्या. "आपणहून देतोय म्हणजे का देतोय ते बघायला हवं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा म्हटलं, "वन्सं, माणूस चांगुलपणानेही देतो." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "देतो ना. तेही तपासल्यावरच कळतं."

आता एका कॅसेटविषयी सांगते. ऐंशीच्या दशकात, तुमच्या पणजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभात, आमच्या घराण्यात पहिल्यांदा व्हिडिओ शूटिंग झालं. तोवर आम्हा सगळ्यांना फक्त फोटोची सवय. फोटोग्राफरने 'हलू नका' म्हटलं की श्वास रोखायचा. त्यामुळे तो प्रखर दिवा लागला आणि कॅमेरा वळला की जो तो जागच्या जागी थिजायचा. जिलबीचा तुकडा तोंडाशी धरून बसलेले एक काका त्यात आहेत. सासूबाईंनी तर कमाल केली. त्या आणि मामंजी खुर्च्यांवर बसले होते. कॅमेरावाला वाट बघत होता की या कधी हलतील, बोलतील. त्या वाट बघत होत्या की हा फोटो कधी काढून होईल. दोघांपैकी कोणीच माघार घेईना. बराच वेळ गेल्यावर सासूबाई ओठ जेमतेम हलवत, मागे उभ्या असलेल्या वन्संना म्हणाल्या, "नले, झालं की नाही गं? पाठीला रग लागली." आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आलं.

त्या माणसाने नंतर सगळ्या समारंभावर सनई चढवली. बोललेलं काही ऐकू येत नाही, नुसती सनई. पण त्या जागी बहुधा त्याची सनईची कॅसेट संपली असावी, कारण सासूबाईंचं ते वाक्य आणि ते हसणं तेवढं शाबूत राहिलं. पुढे त्या गेल्या. त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. कॅसेट वन्संच्या कपाटात राहिली.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही डोंबिवलीला होतो. एके दिवशी वन्सं ठाण्याहून आल्या त्या कॅसेट पदराखाली धरून. तिच्या छोट्या काचेतून बघितलं तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. "ही मरायला लागली, सुमन," त्या म्हणाल्या. त्या सुमारास डोंबिवलीत जागोजागी 'कॅसेटची सीडी करून मिळेल' अशा पाट्या लागल्या होत्या. तुमच्या बाबाने अमेरिकेतून ई-मेलवर एका सॉफ्टवेअरचं नाव सुचवलं. मी ते वन्संना वाचून दाखवलं. "त्याला तिथे बसून इथली बुरशी दिसते का?" एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही जवळच्या एका वातानुकूलित स्टुडिओत गेलो. मालक गोड बोलणारा होता. त्याने कॉम्प्युटरवर नवंकोरं सॉफ्टवेअर दाखवलं. पडद्यावर एक गुलाब उमलला, त्यातून कोणा नवरानवरीचा फोटो गिरकी घेत आला, खाली 'हळद', 'सप्तपदी', 'जेवण' अशी बटणं उमटली.

"समारंभात हा गुलाब होता?" वन्संनी विचारलं.

"नाही काकू, तो सॉफ्टवेअर देतं. ऑटोमॅटिक."

"आपणहून देतं?" वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग त्याला विचारलं, "हे आपल्या मनाने आणखी काय काय करतं?"

तो हसला. म्हणाला, तुम्ही निश्चिंत राहा, सगळं जसंच्या तसं मिळेल. वन्सं निश्चिंत राहिल्या नाहीत. कॅसेट दुकानात सोडणार नाही, समोर बसून करून घेणार, आणि गुलाब काढायचा, या अटींवर काम झालं.

आणि मग माझ्या घरी रुजवात. टीव्हीवर मूळ कॅसेट, शेजारी कॉम्प्युटरवर सीडी. कॅसेटपुढे वन्सं, सीडीपुढे मी. मी दिसेल ते मोठ्याने सांगायचं. "मामंजींना ओवाळतायत. जिलबीवाले काका. हॉलचं दार. चपला." वन्सं मूळ बघत 'हं, हं' करत होत्या. कॅसेट मधूनच किंचाळायची, पडद्यावर पांढरे ठिपके यायचे. मी सांगितलं, "आईमामंजी खुर्च्यांवर. पंगत."

"पंगत नाही," वन्सं म्हणाल्या. "इथे आई अजून बसलीय."

माझ्याकडे पंगत चालू होती. त्यांच्याकडे सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून स्तब्ध बसल्या होत्या, आणि मग ते वाक्य आलं. माझ्याकडे ते आलंच नाही.

आम्ही परत स्टुडिओत गेलो. मालकाला अपराधी वाटलं नाही, आश्चर्य वाटलं. "काकू, तिथे काहीच होत नाही ना. एका सीडीत सगळं मावायला हवं. सॉफ्टवेअरने तो तुकडा स्टिल म्हणून दाखवला, काढू का म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात विचारलं."

"काही होत नाही हे त्याने ठरवलं की तुम्ही?"

"त्याने सुचवलं, मी हो म्हटलं."

"म्हणजे दोघे सामील," वन्सं म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर कोणीतरी कल्याणच्या म्हात्र्यांचं नाव सांगितलं. गावागावांतल्या हळदी आणि लग्नं शूट करणारा माणूस, पोट सुटलेला, बोलण्यात कोणाचा मुलाहिजा न ठेवणारा. वन्संनी तासभर त्याची उलटतपासणी घेतली. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुमी पोलिसात होत्या काय?"

"कोर्टात."

"मंग बरोबर. पोलीस तरी चा विचारतात."

वन्संना हसू आलं, पण त्यांनी ते लगेच आवरलं. म्हात्र्यांच्या कॉम्प्युटरवर तीन सॉफ्टवेअरं होती. "ह्यो पयला झकास दिसतो, पण आवाज मागं पाडतो. ह्यो दुसरा फुकटचा हाय, पण आपलं नाव छापतो चित्रावर, बरोब्बर कपाळाच्या जागी. आणि ह्यो तिसरा म्हातारा. ह्याला कायच येत नाय."

"काहीच येत नाही म्हणजे?"

"मेनू नाय, फुलं नाय, बटणं नाय. जे घालाल ते घेतो. सीडी भरली का थांबतो आणि दुसरी मागतो. आता कोण ठेवत नाय त्याला."

मला वाटलं, झालं काम. पण जिना उतरताना वन्सं म्हणाल्या, "आपल्या मालाचे दोष इतके मोकळेपणाने सांगतोय. मोठं काहीतरी लपवत असणार."

म्हणून तिन्ही सॉफ्टवेअरची परीक्षा झाली. आमच्या कॅसेटवर नव्हे, म्हात्र्यांच्या घरातल्या लग्नाच्या कॅसेटवर. त्यात त्यांची चुलती मांडवात धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणत होती. वन्संनी तिन्ही सीड्या मूळ कॅसेटशेजारी लावायला लावल्या आणि त्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बसल्या. पहिल्या सीडीत काही वेळाने बाईंचं तोंड मिटलं तरी गाणं चालूच होतं. दुसरीत सॉफ्टवेअरचं नाव सगळ्या वऱ्हाडाच्या कपाळावरून फिरत होतं. तिसरीत बाई जेव्हा गात होत्या तेव्हाच गाणं होतं.

"चुलती तुमची गाते छान," वन्सं म्हणाल्या.

"गायची. गेली ती." म्हात्रे म्हणाले. "म्हणून तर ही कॅसेट दुकानात ठेवतो. घरात पोरं वरून क्रिकेटची म्याच टेप करतील."

वन्सं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात चहा प्यायल्या. तिसरं सॉफ्टवेअर ठरलं. त्यांनी पिशवीतून कॅसेट काढून दिली. म्हात्र्यांनी झाकण उचकटून फीत उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही एवढ्यात चालवली का कोणी?"

"स्टुडिओत एकदा," वन्सं म्हणाल्या. "आणि तपासायला घरी एकदा."

"ती तपासायची नको होती. कड चुरगळलीय बघा. आता पुसून एकदा चालवीन. त्यात सीडी होईल. परत लावली तर फीत तुटंल, मी जबाबदार नाय."

"मग रुजवात?"

त्यांना शब्द कळला नाही. मी समजावून सांगितला. म्हात्रे म्हणाले, "मावशी, तपासायला गेलात तर जे तपासायचं तेच जाईल."

वन्संनी कॅसेट परत पिशवीत घातली आणि त्या ठाण्याला निघून गेल्या. कित्येक दिवस आल्या नाहीत. फोन केला तर कोथिंबिरीविषयी बोलायच्या. तुमचे आजोबा वैतागले. "अगं ताई, बुरशी काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"  वन्सं मला एकदा म्हणाल्या, "सुमन, न तपासता मी आजवर कशालाही खरं म्हटलेलं नाही. आणि पहिल्यांदा म्हणायचं ते आईच्या बाबतीत?" त्या घाबरल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. रुजवातीशिवाय खरं कसं मानायचं, ते त्यांना येतच नव्हतं.

मग एका सकाळी त्या परस्पर कल्याणला गेल्या आणि तिथून मला बोलावून घेतलं. म्हात्र्यांनी फीत हळूहळू पुसली, कॅसेट लावली. वन्संनी कॉम्प्युटरकडे पाहिलंच नाही. त्या शेजारच्या टीव्हीपुढे बसल्या आणि अखेरचं चालणारं ते मूळ त्यांनी सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहिलं, पाण्याचा घोटही न घेता. पडद्यावर सासूबाई आल्या तेव्हा वन्संचे ओठ त्या वाक्याबरोबर हलले. समारंभाच्या अगदी शेवटी, पाहुणे निघत असताना, पडदा काळा झाला आणि यंत्रातून खरखर आली. फीत तुटली होती.  म्हात्र्यांनी यंत्र बंद केलं.

सीड्या तयार झाल्यावर त्यांनी मार्कर उघडला. "काय लिहू?"

"नक्कल," वन्सं म्हणाल्या.

"खरी नक्कल असं लिहितात ना? ह्या ताई सांगत होत्या."

"नुसतं नक्कल लिहा."

त्या सीड्या त्यांनी घरी नेल्या आणि बघितल्या नाहीत. मी विचारणं सोडून दिलं. पुढच्या दिवाळीत त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांनी स्वतःहून त्या पिशवीतून काढल्या. फराळ झाल्यावर आम्ही तिघं बसलो. ओवाळणं झालं, जिलबीवाले काका झाले, आणि मग खुर्च्यांवर सासूबाई आणि मामंजी. चित्र स्तब्ध. बराच वेळ काही हलेना.

"सीडी अडकली वाटतं," तुमचे आजोबा म्हणाले आणि त्यांनी माऊसकडे हात नेला.

वन्संनी त्यांचं मनगट धरलं. "अडकलेली नाही रे. आई बसलीय."

आम्ही तिघं पडद्यावरच्या त्या दोघांसारखीच न हलता बसलो. मग सासूबाईंचे ओठ जरासे हलले, पाठीला रग लागल्याचं आलं, आणि ते हसू. पंगत सुरू झाली तरी वन्संनी तुमच्या आजोबांचं मनगट सोडलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या काहीतरी म्हणतील असं वाटत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "खरी असावी."

कुठल्याही नकलेविषयी, रुजवात न घेता, त्यांनी इतकं कधीच कबूल केलं नव्हतं.

वन्सं जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या सीड्यांच्या प्रती तुमच्या बाबाबरोबर पाठवते आहे. मूळ सीड्यांवर म्हात्र्यांच्या अक्षरात 'नक्कल' एवढंच आहे. त्याच्याआधी तो राहिलेला शब्द लिहावा असं मला कितीदा तरी वाटलं, मार्करही हातात घेतला. पण वन्संनी तो लिहू दिला नव्हता, आणि त्यांच्यामागे तो लिहिण्याचा अधिकार मला नाही. तुम्ही बघाल तेव्हा खुर्च्यांवरच्या त्या दोघांपाशी चित्र थांबल्यासारखं दिसेल. कंटाळलात तरी पुढे ढकलू नका. जरा त्यांच्याबरोबर बसा.