दादाच्या होडीची गळती

माझा देवावर विश्वास आहे की नाही, हे मला नीट सांगता येत नाही. तीस वर्षं नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवलं. घरी मात्र माहूरच्या रेणुकेला हात जोडल्याशिवाय कधी चहा घेतला नाही. दोन्ही सवयी सुखाने नांदत होत्या. दादाची होडी गळायला लागली आणि दोन्हींवरचा माझा भरवसा डळमळला.

दादा, माझा थोरला भाऊ, नौदलात होता. निवृत्त झाल्यावर त्याने कोकणातून एक जुनी लाकडी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली आणि गोदावरीच्या बंधाऱ्यामागच्या पाण्यात सोडली. लोक हसले. तो मात्र दर रविवारी मला सोबत घेऊन पलीकडच्या महादेवाला जायचा. शीड सांभाळायला मी त्याच्याकडूनच शिकले. मग त्याला अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं, वाचाही गेली. खुर्चीत बसल्या बसल्या तो उजव्या हाताची मूठ वळवायचा, सुकाणू धरल्यासारखी. ते बघवेना. वर्षभराने दोघातिघांच्या मदतीने मी त्याला होडीत बसवलं. अर्ध्या पाण्यात गेल्यावर पाहते तर त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत बुडालेला, आणि त्याला त्याची जाणीवच नव्हती. डब्याने पाणी उपसत कशीबशी काठाला आले.

पाणी मागच्या कोपऱ्यात साचायचं, म्हणून सुताराने तिथल्या फटी दोरा ठासून, राळ भरून बुजवल्या. होडी पाण्यात घातली की तासाभरात पुन्हा तेच. असं तीनदा झालं. सुतार म्हणाला, "बाई, लाकूडच म्हातारं झालंय, सोडून द्या." दादाला काय सांगायचं ते कळेना. एका सकाळी देवीसमोर उभी राहिले आणि चिडूनच म्हणाले, "मला काही समजत न्हाई. आता तूच बघ." नंतर अशा बोलण्याची लाजही वाटली.

त्याच दिवशी दहाच्या सुमारास मी काठावर होडीजवळ बसले होते. होडी लाकडी घोड्यांवर, म्हणजे उंच टेकूंवर, चढवलेली होती. रस्त्याकडून एक म्हातारी पिशवी घेऊन आली. मुखेडहून निघालेली, माहूरला जायचं होतं. नांदेड आलं असं समजून अलीकडेच एसटीतून उतरली होती.

"काय करून राहिलात, बाई?"

"होडी गळतीय, मावशी. कुठून ते सापडत न्हाई."

तिने होडीभोवती एक चक्कर मारली. "घागर कुठं गळती ते बघायला घागर नदीत बुडवतेत का? आत पाणी भरा की. भाईर कुठं थेंब येतोय ते दिसंल."

मी उठले. मग बादल्या आणून ओतू लागले. वीसेक बादल्या झाल्या असतील. मागचा कोपरा बाहेरून कोरडा ठणठणीत, आणि होडीच्या मध्यावर, वाऱ्याने होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात खाली सोडायची फळी ज्या चौकटीतून जाते, तिच्या सांध्यातून थेंब ओघळत होते. पाणी तिथून शिरून तळाच्या फळ्यांखालून मागे वाहत जात होतं. आम्ही भलतीकडेच राळ भरत होतो.

मावशीला मी स्कूटरवरून बसस्थानकावर सोडलं. "तुम्हाला होडीतलं कसं कळतं?" असं विचारलं, तर ती हसली. "मला कुठलं कळतंय? मी तर होडी आजच जवळून बघितली." माहूरच्या गाडीत ती बसली, आणि गाडी सुटल्यावर आठवलं, मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

सुताराने सांध्यातली कुजलेली पट्टी काढून सागाची नवी बसवली. पंधरा दिवसांनी दादाला घेऊन निघाले. तो सारखा वाकून डाव्या पायाशी हात लावून बघत होता. पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "को... कोरडं." झटक्यानंतरचा त्याचा पहिला शब्द. मग त्याने सुकाणू हातात घेतलं.

देवीने तिला पाठवलं, की ती नुसतीच वाट चुकली? मला अजूनही ठरवता येत नाही, आणि आता ठरवायची घाईही नाही. सगळं मीच शोधून काढायचं हा हट्ट मी सोडला तेव्हा कुणाचं तरी बोलणं माझ्या कानात शिरलं, एवढंच खात्रीने सांगू शकते. त्या दिवशी पलीकडच्या महादेवासमोर हात जोडले, डोळे मिटले, आणि मागायचं काही सुचलंच नाही.