गोळ्यांची शेगडी

माझ्या बायकोला आधी नुसता खोकला असायचा. मग पहाटे उठून बसावं लागायला लागलं. एका हिवाळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता तिला श्वास पुरेना, म्हणून ती बांधावरच बसून राहिली आणि मी तिला हाताला धरून घरापर्यंत आणलं. पन्नास पावलांच्या वाटेत ती तीनदा थांबली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तिला एका नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?"

"लग्न झालं तवापासून," ती म्हणाली. "त्याच्या आंधी मायच्या घरी."

डॉक्टरांनी गोळ्या आणि ओढायचं औषध लिहून दिलं. वाफ घ्यायचं मशीन घरी ठेवायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन गोष्टी सांभाळा काका. धूर नको आणि थंडी नको."

मी मान हलवली. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा सांभाळायच्या हे मला ठाऊकच नाही. आमच्याकडे थंडी घालवायची म्हणजे धूर करायचा, दुसरं काही आम्ही कधी केलंच नव्हतं. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती, पण हिवाळ्यात पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, निखारे घमेल्यात घेऊन खोलीत ठेवणं चालूच होतं. ते घमेलं मी त्याच दिवशी बाहेर नेलं.

आमचं घर मंगरूळपीरच्या रस्त्याला लागून, आमच्याच बागायतात आहे. विटांच्या दोन खोल्या आणि वर टिन. चारी बाजूंनी ओलीत. वांगी, पालक, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. गावात जेवढी थंडी असते तिच्याहून वावरात जास्त असते. सकाळी टिनाच्या आतल्या बाजूने पाणी टिपकतं. मी टिन आणि भिंतीच्या मधल्या फटीत पोती कोंबली. दारावर घोंगडी ठोकली. विजेचा हीटर आणला, पण आमच्या घराची लाईन शेतपंपाच्या लाईनवरची. आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की हीटरची कॉइल नुसती लालसर व्हायची आणि हात जवळ नेला तरी ऊब कळायची नाही.

ती पहाटे खाटेवर बसून असायची, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर ओढून. मी पाठीवरून हात फिरवायचो. त्याने काही होत नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"तुमी झोपा न," ती म्हणायची. "दोघायनं जागून काय होते."

आम्हाला एकच मुलगी. ती अकोल्याला भाड्याच्या घरात राहते, तिथल्या एका शाळेत शिकवते. तिची लहान मुलगी तिच्याजवळच असते. जावई हिमाचलात एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत, वर्षातून दोनदा येतात. त्यांनी हे सगळं फोनवर ऐकलं आणि एक दिवस मला म्हणाले, "मामाजी, इथं हॉटेलात शेगड्या हायेत. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या टाकतेत त्याच्यात. धूर सगळा पाइपानं बाहेर जाते, खोलीत नुसती गरम हवा येते. मालक जुन्या काढून नव्या बसवून राह्यला. एक मागू का?"

मी म्हणालो, "मागा."

ती शेगडी सफरचंदांच्या ट्रकमधून अकोल्याच्या फळबाजारात आली. सोबत गोळ्यांची आठ पोती. मी आणि मुलगी ती उतरवून घ्यायला गेलो. छोट्या कपाटाएवढी, काळी, समोर काचेचं दार. घरी आणल्यावर बरेच दिवस तिला सफरचंदांचा वास येत होता. मंगरूळपीरहून वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने शेगडीभोवती दोनदा फेरी मारली, भिंतीला भोक पाडलं, पाइप बसवला, बाहेर वर नेऊन त्यावर टोपी लावली.

"काकाजी, लग्नाच्या हॉलसाठी हाय का हे?" त्याने विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "हिच्यासाठी."

शेगडी चालायची अशी. वरच्या पेटीत गोळ्या ओतायच्या, खडूच्या तुकड्याएवढ्या. आत एक स्क्रू फिरतो, तो थोड्या थोड्या गोळ्या खालच्या भांड्यात टाकतो. एक पंखा जाळाला हवा देऊन धूर पाइपातून बाहेर ढकलतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. स्क्रू विजेवर, पंखे विजेवर, पेटवणंही विजेवर. लाईन जाते म्हणून मी आधीच एक इन्व्हर्टर घेऊन ठेवला होता. माझ्या मते मी सगळ्याचा विचार केला होता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी शेगडी पेटली तेव्हा बायको समोर पाट घेऊन बसली. अर्ध्या तासाने तिने कानाचा रुमाल सोडला. मग स्वेटर काढला. मग तुरीच्या शेंगा सोलायला मागितल्या. काचेआड जाळ होता आणि खोलीत धुराचा लवलेश नव्हता. ती सोलता सोलता माहेरच्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती न थांबता सलग बोलते आहे. मी तिच्याकडे बघत राहिलो. बोललो तर ती थांबेल असं वाटलं.

"काहून असे पाहून राह्यले?" तिने विचारलं.

"काई नाई."

तिच्या औषधांनाही गोळ्याच म्हणायचे आणि शेगडीच्या त्या भुशाच्या कांड्यांनाही. संध्याकाळी ती विचारायची, "गोळ्या टाकल्या का?" आणि मी विचारायचो, "कोणाच्या, तुह्या का तिच्या?" एवढ्याशावर आम्ही हसायचो. तो महिना असा गेला.

मग आठ पोती संपली. मी शेगडीची आच दोनवरून एकवर आणून, फक्त पहाटे आणि संध्याकाळी पेटवून ती पुरवली होती, तरी संपली. जावयांनी तिकडून पाठवायचा प्रयत्न केला, पण सफरचंदांचा हंगाम संपला होता आणि ट्रक खाली येत नव्हते. कारंज्याच्या रस्त्याला एक जण सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, आणि तुराट्यांच्या गोळ्या बनवतो असं बाजारात कळलं. मी मोटारसायकलवर गेलो. माणूस सरळ होता. मी घरच्या शेगडीसाठी हव्यात म्हटल्यावर त्याने हातातलं काम ठेवलं.

"ह्या कारखान्याच्या बॉयलरसाठी हायेत," तो म्हणाला. "जाड हायेत. राख लय करतेत. तुमाले देत नाई असं नाई, पण मंग मले बोल लावजा नोका."

मी चार पोती घेतली. दुसरं काय घेणार होतो?

त्या गोळ्या जळायच्या, पण भांड्यात राखेचा वितळून खडा व्हायचा. खडा झाला की हवेची भोकं बंद, काच काळी, आणि शेगडी टी टी करून थांबायची. समोरच्या पट्टीवर लाल अक्षरं यायची. मी त्याचा फोटो काढून जावयांना पाठवायचो. ते हॉटेलातल्या कामाच्या गर्दीत फोन करायचे, मला काय काय उघडायला सांगायचे. मी पेचकसाने खडा फोडायचो, गोळ्या चाळणीने चाळायचो, काच पुसायचो. सकाळची भाजी तोडायची राहून जायची. बायको खाटेवरून म्हणायची, "राहू द्या न. मले काई थंडी नाई वाजून राह्यली." तिचे दात वाजत असायचे.

खरं सांगायचं तर मला त्या शेगडीचा राग यायचा, आणि तिला तो राग स्वतःवरचा वाटायचा. एकदा मी पेचकस भिरकावला. ती उठली, भिंतीला धरून गेली, तो उचलून माझ्या हातात दिला आणि परत खाटेवर जाऊन बसली. तेवढ्यानेही तिला धाप लागली.

पौषात एका संध्याकाळी डीपी, म्हणजे आमच्या लाईनचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. सगळ्यांचं ओलीत जोरात होतं, सगळ्यांच्या मोटारी चालू होत्या. लांबून एक आवाज आला आणि लाईन गेली. दरवर्षी एकदा तरी होतंच. लाईनमनला फोन लावला तर तो म्हणाला, "आता नवी आल्यावरच. तीन-चार दिवस धरून चाला."

शेगडी इन्व्हर्टरवर चालू होती. मी मोटारीची पेटी बघून येतो म्हणून वावरात गेलो. फार तर अर्धा तास झाला असेल. दिवस नुकताच मावळला होता. परत येताना बघितलं तर पाइपाच्या टोपीतून धूर निघत नव्हता. मला आधी बरंच वाटलं, की जाळ चांगला लागला असेल. दार उघडलं तेव्हा कळलं. इन्व्हर्टर बसला होता, कमी दाबाच्या लाईनवर तो पुरता भरलाच नव्हता. पंखे थांबले होते. पण भांड्यातल्या गोळ्या धुमसत होत्या आणि बाहेरच्या वाऱ्याने तो सगळा धूर पाइपातून उलटा खोलीत आला होता.

ती दाराकडे निघाली होती, मध्येच खाली बसली होती. मी तिला उचलून अंगणात आणलं. खाट ओढून बाहेर घेतली. घरात धूर आणि बाहेर झोंबणारी थंडी, आणि ती मध्ये. मी वाकळ आणली, ती ओढून टाकत होती, तिला अंगावर काही नको होतं. ओढायचं औषध तोंडाशी धरलं, पण ते आत ओढण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता. मग मला वाफेच्या मशीनची आठवण झाली. मी धावत आत गेलो, धुरातून ते शोधून बाहेर आणलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि वायर हातात घेऊन उभा राहिलो. लाईन नव्हती. इन्व्हर्टर नव्हता. मी ती वायर हातात धरून तसाच उभा होतो. किती वेळ ते आठवत नाही, पण तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं, ते आठवतं.

माझ्या हाका ऐकून शेजारच्या वावरातला भाऊबंद गाडी घेऊन आला. मंगरूळपीरच्या दवाखान्यात तिला वाफ दिली, ऑक्सिजन लावला. तासाभराने तिचे खांदे खाली आले. नर्सने विचारलं, "घरात चूल पेटवता का अजून?"

"नाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुलगी अकोल्याहून आली. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती म्हणाली, "बाबा, आईले मी घेऊन जातो. माहं घर तिसऱ्या मजल्यावर हाय, स्लॅबचं. तिथं एवढी थंडी नसते. लाईन बी जात नाई."

"लेकीच्या घरी राहू का मी आता?" बायको आतून म्हणाली. तिला ऐकू गेलं होतं.

"मंग कुठी राह्यते?" मुलगी म्हणाली. "सांग न. कुठी राह्यते?"

बायको आतून माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणावं अशी तिची अपेक्षा होती हे मला दिसत होतं, आणि मी म्हणालो, "जाय. थंडी सरली की येजो."

वेल्डिंगवाल्याने पाइप काढला, भोकावर टिनाचा तुकडा लावला. शेगडी कुणी विकत घेईना. कोपऱ्यात तिच्यावर पोतं टाकून ठेवली आहे.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळी झाली की बायको अकोल्याला जाते आणि महाशिवरात्रीच्या आसपास येते. मी मधून मधून जातो. दोन दिवसांच्या वर राहता येत नाही. मोटारीला लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि पालेभाजी पाण्यासाठी माझी वाट बघत थांबत नाही. तिथे गेलो की ती गॅलरीत उन्हात बसलेली असते. नातीला शब्द वाचून दाखवायला लावते. जिना मात्र उतरत नाही, उतरली तर परत चढवत नाही. मी नेलेला सांभार हातात घेते, वास घेते आणि विचारते, "वांग्यायले कीड तं नाई लागली?" मी सगळं सांगतो. तिला काही काही नव्याने सांगावं लागतं, कारण यंदा कोणती वांगी लावली हे तिने पाहिलेलं नसतं.

यंदा महाशिवरात्र झाली तेव्हा मी तिला आणायला गेलो. तिची पिशवी भरलेली नव्हती. मुलगी शाळेत गेली होती. बायकोने मला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"तुमाले राग येईन," ती म्हणाली.

"कायचा?"

"इथं श्वास बरा राह्यते. आता धूळ सुटन, मंग गहू काढतीन, मंग पाऊस. तिकडं आली का पुन्हा तेच. मले भेव वाटते."

मी जेवत होतो. तिने सांभाराची चटणी केली होती.

"राह्य मंग," मी म्हणालो.

"तुमी जेवता का बरोबर तिकडं?"

"जेवतो."

तिने आणखी एक भाकर वाढली. मी ती खाल्ली, हात धुतले, आणि शेवटची गाडी चुकायला नको म्हणून निघालो. ती दारापर्यंत आली. पहिल्या मजल्यावर पोचलो तेव्हा तिने दार लावल्याचा आवाज आला नव्हता. मी थांबलो, वर पाहिलं. कठड्याला धरून ती उभी होती. मग मी उरलेल्या पायऱ्या उतरलो.