ओटीवर वाचायचा कागद

वनमालाबाई जुवाटकर एकदा फोनला चिकटल्या की समोरच्याची सुटका नाही. उमेदीची सगळी वर्षं घाटकोपरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल लावण्यात गेली, त्यामुळे लाइन लागत नाही म्हणजे काय, लागलीच पाहिजे, असा खाक्या. सासरच्या घराण्याचा शोध घ्यायचं डोक्यात आलं तेव्हा त्यांनी आधी जुनी डिरेक्टरी काढली आणि एकेका जुवाटकराला फोन लावायला सुरुवात केली. "तुमचे पणजोबा कोण हो?" लोकांना वाटायचं, बाई काहीतरी विकतायत. बोरिवलीच्या एकाने तर "आम्हाला इन्शुरन्स नकोय" म्हणून फोनच आपटला. बाईंनी लगेच परत लावला. या खेपेला त्याच्या बायकोने, जयंतीने उचलला. तिच्या माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक होती आणि ट्रंकेत मोडीतल्या पत्रांचं बोचकं होतं, ते तिने बाईंना देऊन टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, रिटायर झालेल्या बाईला हौस. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीतही सगळे तेच म्हणायचे. हौस कसली डोंबलाची.

चैतन्य हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलर होता. सिंगापूरहून डर्बनला निघालेल्या बोटीवर एका सकाळी तो हजेरीला नव्हता. केबिनमध्ये चप्पल होती, चार्जरला लावलेला मोबाइल होता, तो नव्हता. बोट मागे वळली, शोधलं, मिळाला नाही. कंपनीचं पत्र आलं, की त्याला मृत मानण्यास हरकत नसावी. बाईंनी ते पत्र वाचलं, घडी घालून नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "माझी आहे हरकत."

त्याला अकरा वर्षं उलटून गेली. पाचव्या वर्षी नवरा गेला, रघुनाथराव. घरात उरल्या बाई आणि सून, अक्षता. चैतन्य गेला तेव्हा अक्षताच्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. पोरीने सासर सोडलं नाही. मुलुंडलाच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली, सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी भाजी घेऊन यायची. कुणी शेजारीण "सुनेचं काय ठरवलंत?" म्हणून हळूच विचारायला आली, तर बाई तिला दारातूनच परत लावायच्या. "ठरवायचंय काय? ती नवऱ्याची वाट बघतेय."

जुवाटकर मूळ देवगडच्या खाडीवरचे, गलबतं हाकणारी माणसं. अशा घरांतून एक रीत असते. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही आणि त्याचं काही हाती लागलं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि त्या माणसाचं नाव म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या जेवणाला, मेलेल्यांच्या ओळीत घ्यायचं. चैतन्यची बारा वर्षं येत्या भाद्रपदात भरत होती. भाऊबंद येणार, विषय काढणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना अडवायला बाईंकडे एकच हत्यार होतं, सासूने सांगितलेली गोष्ट.

रघुनाथरावांच्या पणजोबांचा थोरला भाऊ, धोंडू तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. बसऱ्याहून खजूर घेऊन येताना त्याचं गलबत नाहीसं झालं. सगळ्यांनी आशा सोडली. बायकोने, भागूने, सोडली नाही. कपाळावर कुंकवाची आडवी चिरी लावून ती रोज खाडीवर जायची. आणि बाराव्या वर्षी तो आला. मुंबईच्या बंदरात उतरला. सासूबाई हे इतकं ठासून सांगायच्या, जणू त्या स्वतः धक्क्यावर उभ्या होत्या.

म्हणजे आमच्या घरात एकदा झालंय, असं बाईंचं म्हणणं. कागदावर दाखवलं की मग कोण पुतळा करतो तेच बघते.

त्या खरंच पेटल्या. फोर्टातल्या सरकारी दप्तरखान्यात जाऊन बसायला लागल्या. तिथल्या क्लार्कने पहिल्या दिवशी "आज्जी, अर्ज करा" म्हटलं, महिन्याभराने तो स्वतःच पंखा त्यांच्याकडे वळवून द्यायला लागला. १८७१ सालच्या बंदराच्या कागदांत त्यांना गलबत सापडलं. भवानीप्रसाद, तांडेल धोंडू, माल खजूर, पोचले नाही. त्या दिवशी त्यांनी तिथेच बसून डोळे पुसले. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी कशाला रडायचं, पण "पोचले नाही" हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते.

मग पत्रं वाचायची म्हणून मोडी शिकल्या. शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग भरायचा. शिकवणारी रुचिरा नातीच्या वयाची, पण बाई तिला बाई म्हणायच्या आणि गृहपाठ दुप्पट करून न्यायच्या.

धाकटा दीर दादू कांजूरमार्गला राहायचा. रविवारी मासे घेऊन यायचा तेव्हा बाई त्याला सगळं सांगायच्या, अमुक कागद मिळाला, तमुक तारीख जुळली. तो मान डोलवायचा. "शोध गो वयनी तू. माका काय म्हणणा नाय." भाऊबंदांत सगळ्यात आधी विषय हा काढेल असं बाईंना वाटलं होतं, त्याने कधीच काढला नाही. बाईंना त्याचं कौतुक वाटायचं. दादूला माझं दुःख कळतं, असं त्या जयंतीला फोनवर सांगायच्या.

आणि एक दिवस ते पत्र लागलं. १८८३ सालचा ज्येष्ठ महिना. धोंडूचा धाकटा भाऊ सखाराम मुंबईत गोदीवर होता, त्याने गावी वडिलांना, तात्यांना लिहिलेलं. बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर सोडवलं. धोंडूदादा मुंबईस उतरला. प्रकृती नरम आहे. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या गलबताने गावी येतो, वहिनीस सांगावे.

बाईंनी शिरा केला. बदाम घालून, चैतन्यला आवडायचा तसा. अक्षता कामावरून आली तर तिच्यापुढे आधी कागद आणि मग बशी. "बघ. आला होता तो. बाराव्या वर्षी." अक्षता कागदाकडे बघत राहिली. "छान झालं, आई," म्हणाली आणि तोंड धुवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. शिरा गार झाला म्हणून बाई वैतागल्या.

त्याच पत्राच्या घडीत आणखी एक कागद होता, बारीक, गिचमिड, पेन्सिलीच्या टोकाएवढी अक्षरं. हिशेब असतील म्हणून बाईंनी तो बाजूला ठेवला होता. गणपती गेले, आणि पितृपक्षाच्या तोंडावर एका दुपारी त्या भिंग घेऊन बसल्या. बोचक्यातलं काही वाचायचं राहू नये, एवढंच मनात होतं.

"हा दुसरा कागद आपण एकट्यांनी वाचून चुलीत घालावा. पहिला ओटीवर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. धोंडूदादाचे कार्य येथे बाणगंगेवर उरकिले. दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. वहिनीस कळो देऊ नये. तिचा ताप उतरत नाही असे आपण लिहिता. या पावसाळ्यातून ती निघेल असे दिसत नाही, तरी दादा आला असे ऐकून तिचे दिवस सुखाने जावोत."

सखाराम दर वेळी असे दोन कागद पाठवत असणार. एक घराला ऐकवायचा, एक खरा. तात्यांनी बाकीचे खरे चुलीत घातले, हा एवढा त्यांच्याच्याने जाळवला नसेल. पुढचं पत्र बाईंनी आधीच वाचलेलं होतं, भागू श्रावणात वारल्याचं. नारळी पौर्णिमा त्या वर्षी आली तेव्हा ती नव्हती. आणि ओटीवर जे ऐकलं तेच घरातल्या बायकांनी पुढे सांगितलं, लेकीसुनांना, रघुनाथरावांच्या आईला, आणि तिने बाईंना.

बाईंचा संताप संताप झाला. दुपारचा चहा नाही, दिवेलागण नाही, त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. अक्षताने दार उघडलं, दिवा लावला. तिच्या खांद्यावर पिशवी होती, हातात दुधी.

"फसवलं गं," बाई म्हणाल्या. "कार्य उरकून टाकलं आणि तिला सांगितलंसुद्धा नाही. सगळ्यांना माहीत होतं. ती बाई रोज वाट बघतेय आणि हे सगळे तिच्यासमोर तोंडं मिटून बसलेत. शरम नाही वाटली?"

अक्षता जागच्या जागी उभी राहिली. दुधी तिने हळूच ओट्यावर ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादूकाकांनी सांगितलं का तुम्हाला?" तिने विचारलं.

बाईंना आधी कळलंच नाही. दादूला कसलं मोडी येतंय, असं त्या म्हणणार होत्या. मग त्यांनी सुनेकडे बघितलं, आणि कळलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

अक्षता त्यांच्यासमोर खाली बसली. "बाबा गेले त्याच वर्षी. बाबांनी जायच्या आधी काकांकडून शब्द घेतला होता. पोराला मोकळं कर म्हणाले. आणि तुम्हाला सांगू नका म्हणाले, तुमचा जीव जाईल म्हणून. बारा वर्षं झाली नव्हती, पण कंपनीचं पत्र दाखवल्यावर भटजी चालेल म्हणाले. नाशिकला कार्य केलं."

"नाशिकला."

"लॅबची सहल म्हणून सांगितलं होतं मी."

बाईंना ती सहल आठवली. परत येताना अक्षताने चिवडा आणला होता. तिखट आहे पण झकास आहे, असं म्हणत बाईंनी तो दुसऱ्या दिवशी अर्धा संपवला होता आणि शेजारीही वाटला होता. पोराच्या दिवसकार्याहून आलेला चिवडा.

"आणि हे?" त्यांनी अक्षताच्या गळ्याकडे बोट केलं. मंगळसूत्र होतं तिथे.

"लिफ्टमध्ये घालते," अक्षता म्हणाली. "दिवसभर पर्समध्ये असतं."

बाईंना बोलायचं होतं, भांडायचं होतं. या पोरीने, दादूने, नवऱ्यानेसुद्धा आपल्याला लहान मूल समजून खेळवलं, असं ओरडायचं होतं. पण त्या पोरीकडे बघून ओरडता येईना. अडतीस वर्षांची बाई, कानामागे केस पांढरे व्हायला लागलेले. हे त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. दप्तरखान्यातल्या वाळवी लागलेल्या कागदांत त्या मेलेली भागू शोधत होत्या, आणि ही रोज समोर बसून जेवत होती.

"तू होतीस तिथे, नाशिकला?"

"होते. बाहेर उभी होते. काका म्हणाले, आत आलीस तर तुला बघवणार नाही."

"रडलीस?"

"येताना गाडीत. माझ्या बहिणीचे मिस्टर चालवत होते. घरी रडता आलं नसतं ना."

सात वर्षं ही पोर आपल्या घरात, आपल्याच पोरासाठी, एकदाही रडली नव्हती. आपण तिला परवानगीच दिली नव्हती.

"तुझं पुढे कुणी..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. "कुणी विचारलं नाही का तुला?"

अक्षता हातातल्या बांगडीशी चाळा करत राहिली. "विचारलं होतं. हर्षद म्हणून होता लॅबमध्ये. त्याला सगळं माहीत होतं. थांबतो म्हणाला, तुझ्या सासूबाईंचं मन तयार होईपर्यंत. तीन वर्षं थांबला." तिने मान वर केली. "गेल्या मार्गशीर्षात लग्न झालं त्याचं. मुलगी चांगली आहे. मी गेले होते."

"मला का नाही बोललीस गं?"

"कसं बोलणार, आई? बोलले असते तर चैतन्य गेला हेही सांगावं लागलं असतं."

वनमालाबाई रडल्या. आवाज काढून, मोकळं, शेजारी ऐकू गेलं असेल इतकं रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मेलेल्या मुलासाठी रडत होत्या. अक्षता पुढे सरकली तेव्हा त्यांनी तिला धरायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. तेवढा हक्क आपल्याला उरलाय का, हेच त्यांना समजेना. अक्षतानेच तो हात धरला.

बऱ्याच वेळाने बाईंनी फोन मागितला. दादूने पहिल्या रिंगलाच उचलला.

"दादू, यंदा म्हाळ माझ्या घरी," त्या म्हणाल्या. "भटजींना सांग."

तिकडे दादूचा आवाज बारीक झाला. "वयनी, भावाच्या नावान ना?"

"त्याच्याही. आणि चैतन्य रघुनाथ जुवाटकर." शाळेत नाव घालताना सांगितलं होतं तसं पूर्ण नाव त्यांनी सांगितलं. "मला कळलंय सगळं. तुझ्याशी मी भांडणार आहे, पण आज नाही. तू ये फक्त."

दादू रडत होता. बाईंनी फोन ठेवला. अक्षता उठून दुधी चिरायला घेत होती, पाठमोरी, खांदे हलत होते.

"अक्षता," बाई म्हणाल्या, "यंदा बाहेर उभी राहू नकोस. आत बस, माझ्याजवळ."